उणे ऐंशीचा फ्रीजर

निवृत्तीनंतर लिहायला बसणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. आता मीच त्यांत सामील होते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. नोकरीची सारी वर्षे मी यंत्रांच्या नोंदवहीत ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांपलीकडे काही लिहिले नाही.

नगरपासून तासाभरावर, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका विद्यापीठाच्या जैवविज्ञान विभागात मी तांत्रिक अधिकारी होते. आमच्याकडे यंत्रे उत्तम होती. ती वापरली जाऊ नयेत याची व्यवस्था त्याहून उत्तम होती. जनुके वाचणाऱ्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून त्याचे प्लॅस्टिकचे आवरण काढत नसत. दसऱ्याला मात्र त्या आवरणावरच हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालत. विद्यार्थ्याला यंत्र हवे असेल तर तीन सह्या लागत, आणि तिसरी सही करणारे गृहस्थ बहुधा नगरला बैठकीत असत.

खरोखर राबत होता तो एकटा उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. श्रीगोंद्याकडच्या एका संशोधक विद्यार्थ्याने त्यात उसाच्या पानांचे नमुने बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत तीन वर्षे साठवले होते. पाणी तुटले की पानांत जे नाजूक रेणू तयार होतात, ते त्याला मोजायचे होते. जरा ऊब लागली की ते मोडतात. शेवटचे नमुने आणायला कोपरगावकडे निघताना तो दारातून म्हणाला, “मॅडम, फ्रीजरकडं तेवढं ध्यान असू द्या. माझा सगळा प्रबंध त्यातच गोठलाय.”

दोन दिवसांनी पाहणी समिती यायची होती. विभागप्रमुखांनी फ्रीजर उघडला आणि आत साचलेला बर्फ पाहून त्यांचे तोंड वाकडे झाले.

“बाई, हे काय? समितीला वाटेल, आपण इथं कुल्फी विकतो.”

“सर, आत नमुने आहेत,” मी म्हणाले. बहुधा ते मलाच ऐकू आले.

शिपाईमामा पुढे सरसावले. “त्यात काय हाय सायेब, आमची मंडळी घरचा फ्रीज अशीच साफ करती. बटन बंद करायचं, खाली परात ठिवायची. सांजच्याला चकाचक!”

“आणि नळ्या?” मी विचारले.

“ठेवा की बर्फात,” विभागप्रमुख म्हणाले. “थंड ते थंड.”

भिंतीवर डॉक्टरेट टांगलेल्या माणसाचे हे वाक्य. शेजारच्या छोट्या फ्रीजरमध्ये नळ्या सहज मावल्या असत्या. पण त्यात समितीसाठी आणलेले आइस्क्रीम होते, आणि आइस्क्रीम वितळू देण्याइतका आमचा विभाग बेजबाबदार नव्हता.

सोडावाल्याकडून लादीचा बर्फ आला. मी स्वतःच्या हातांनी नळ्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या. संध्याकाळी त्या पाण्यावर तरंगत होत्या. तशाच पुसून मी त्या परत आत लावल्या. समिती आली तेव्हा पडद्यावर उणे ऐंशी हा आकडा दिमाखात झळकत होता. एका सदस्याने दार उघडले, “वा, काय स्वच्छता!” म्हटले आणि आइस्क्रीमकडे मोर्चा वळवला.

विद्यार्थी परतला. “फ्रीजर ठीक हाय ना, मॅडम?”

नोंदवहीत ‘चालू’ असे लिहिले होते. मी तेच वाचून दाखवले.

पुढे महिनोन्‌महिने त्याच्या प्रयोगांतून काही निष्पन्न होईना. “हातच बसंना झालाय माझा,” तो म्हणे. “ऊस तोडायला हात लागतो, इथं डोकं लागतं,” असे विभागप्रमुख भर चर्चासत्रात म्हणाले, आणि सगळे हसले. मीही ओठ हलवले. विभागप्रमुखांचा मला तिरस्कार वाटतो; पण शून्य आणि उणे ऐंशी यांतला फरक त्या दिवशी मला पुरता ठाऊक होता, म्हणून तिरस्काराचा मोठा वाटा माझ्याच पदरी पडतो.

त्याने प्रबंध सोडला. आता तो एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा गोडवा मोजतो आणि दर दिवाळीला मला न चुकता फोन करतो. गेल्या खेपेस म्हणाला, “पोरगी विज्ञानाला जायचं म्हणती, मॅडम. मी न्हाई म्हनलो. आमच्या घराण्याचा हातच जड हाय. तिची वर्सं कशाला वाया घालवायची?”

मी म्हणाले, “विचार करा जरा.” एवढेच.

तिचे प्रवेश पुढच्या महिन्यात आहेत. त्या दिवशी फ्रीजर बंद होता, हे मी आता त्याला सांगावे का?