चाला, पाहून येऊ

तक्रार ऐकता ऐकता बाईंचे पाय टेबलाखाली चपला शोधू लागायचे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्या उभ्या राहिलेल्या असत. "इथी बसून का दिसते? चाला, पाहून येऊ."

तुम्हीही पुष्कळ पुढारी पाहिले असतील. मी चांद्याच्या नगरपालिकेत कारकून होतो, सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचो. माझ्या वाट्याला जरा जास्तच आले. पण ऐकल्याबरोबर निघणाऱ्या या एकच, आणि त्याही आमच्या गल्लीतल्या.

नवरा वारल्यावर बाईंनी शिवणयंत्रावर दोन मुली वाढवल्या. गल्लीनं आग्रह करून त्यांना नगरपालिकेत मेंबर केलं. पहिल्याच उन्हाळ्यात झाडूवाल्यांच्या वस्तीला नळ देण्याचा विषय निघाला. वस्ती चढावर आहे, पाणी चढणार नाही, असं सगळेच सांगू लागले. बाई उठल्या. चांद्याचं मे महिन्यातलं ऊन, आणि मेंबर मंडळी धोतर सावरत त्यांच्या मागे! वस्ती निघाली सपाटीवर.

"काऊन भाऊ, चढ कुठी गेला?" बाईंनी विचारलं.

एक जाडजूड व्यापारी मेंबर घाम पुसत म्हणाले, "द्या बाई नळ, पण मले आता घरी जाऊ द्या."

नळ आला. उद्घाटनाची तोटी बाईंनी वस्तीतल्या एका म्हातारीला फिरवायला लावली.

पुढे त्या आमदार झाल्या. विधानसभा तेव्हा नागपुरात भरे. एकदा आरमोरीपलीकडच्या जंगलातली गोंड माणसं त्यांच्याकडे आली. लाकडाच्या ठेकेदारानं त्यांच्या वाटेवर फाटक घालून कुलूप लावलं होतं. बाळंतपणात अडलेल्या एका पोरीची बैलगाडी तिथं अडकली आणि पोर गाडीतच गेली. बाई निघाल्या, सोबत मीही. फाटकापाशी त्या पोरीची आई उभी होती. बाईंनी कुलूप हातात घेऊन पाहिलं.

पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं, "बाई, त्याच्याच जीपगाड्यांवर आपला प्रचार होते. जपून बोला."

"मंग मी पायी फिरन."

बाई यावर बोलणार होत्या त्या दिवशी रजा काढून मी विधानसभेच्या गॅलरीत बसलो होतो. बाईंनी ठेकेदाराचं नाव घेऊन विचारलं, सरकारी जंगलातल्या वाटेला याचं कुलूप कसं? शेजारच्या अनोळखी माणसाला मी उगाचच सांगितलं, "आमच्या गल्लीतल्या आहेत."

थोड्याच दिवसांत फाटक निघालं. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं ते ठेकेदाराच्या भाच्याला.

बाई पुन्हा नगरपालिकेला उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, आमदारकीनंतर आता मेंबरकी?"

"काऊन? आपल्या गल्लीची नाली तुंबली, त तू नागपूरले जाशीन का?"

त्या निवडून आल्या आणि शेवटपर्यंत मेंबर राहिल्या. शेवट मात्र लवकर आला. तापाचं निमित्त झालं.

तेराव्याच्या दिवशी जंगलातल्या सात-आठ बाया पायी चालत गल्लीत आल्या. "आमदारबाईचं घर कोणतं?" पुढची म्हातारी विचारत होती.

गल्लीतला एकजण म्हणाला, "आजी, त्या आता आमदार नव्हत्या. आमदार दुसरे आहेत."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"असन, बाबा. आमच्या तिकडं त दुसरा कोणी आलाच नाई."