डोंगरात न्यायची नावं

पेइलान सहलीची आखणी इतकी झकास करते की सहलीला जायची गरजच उरत नाही, असं तिचा नवरा गुओतुंग म्हणायचा. फेंगयुआन शहरातल्या त्यांच्या गल्लीत, सासूबाईंच्या नाश्त्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, दर वसंतात डोंगरातल्या निसर्गकेंद्राची सहल ठरायची आणि दर वसंतात ती रद्द व्हायची. एकदा फिलिपाइन्सकडे चाललेलं वादळ इकडे वळेल म्हणून. एकदा केंद्राजवळ कुणालातरी गांधीलमाशी चावली म्हणून. गेल्या वर्षी तर त्यांची लेक यूछ्याओ जेवताना शिंकली, तेवढंही पुरलं.

पेइलान कॉलेजात जीवशास्त्र शिकली होती आणि आता औषधाच्या दुकानात काम करायची. त्यामुळे इतर आयांना साप-विंचवांची मोघम भीती वाटते तशी तिला वाटत नसे. तिला ती शास्त्रीय नावासकट वाटे.

यंदा काजव्यांचे दिवस होते. यूछ्याओच्या वर्गातली झाडून सगळी मुलं केंद्रात जाऊन ते पाहून आली होती. वर्गात प्रत्येकानं आपल्या सहलीबद्दल बोलायचं होतं. यूछ्याओ उभी राहिली, "आमच्याकडे जायचं ठरतं," एवढं म्हणाली आणि खाली बसली. हे बाईंकडून कळल्यापासून पेइलानला चैन नव्हतं. आता काही झालं तरी रद्द करायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

मोडता घातलाच तर सासूबाई घालतील असं तिला वाटलं होतं. पण त्या चटकन तयार झाल्या. अट एकच.

"डोंगरात कुणी कुणाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही," सोयादुधाच्या पातेल्यात डाव फिरवत त्या म्हणाल्या. "तिथल्या भुतांपैकी तो लाल टोपीवाला कान लावून बसलेला असतो. नाव कळलं की गोड हाका मारत पोराला आत नेतो, आणि चिखल नि टोळाच्या तंगड्या भरवतो."

"आई, टोळात प्रथिनं भरपूर असतात," गुओतुंग म्हणाला.

"तुला नेलं तर त्याचंच नुकसान. खायला घालून घालून दमेल आणि परत आणून सोडेल."

मग त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांची बारशी उरकली. मुलगा भोपळा, नात मुळा, स्वतः मोठी कढई.

"आणि मी?" पेइलाननं विचारलं.

"तू किटली. सारखी आतल्या आत उकळत असतेस."

सवय व्हावी म्हणून आठवडाभर घरातही हीच नावं चालणार होती. चुकेल त्यानं भांडी घासायची. पेइलान आधी हसली, पण दोन दिवस ओळीनं भांडी घासल्यावर तीही "भोपळ्या, टॉवेल दे" म्हणायला लागली. यूछ्याओ आजीला आमा म्हणायची, तेही बंद झालं. "मोठे कढई, मुळ्याला भूक लागली!" अशी हाळी ऐकून दुकानातली गिऱ्हाइकं अंड्याचं धिरडं हातात धरून बघत राहायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, दुकान आवरून सगळे खालीच बसलेले असताना पेइलानचा मोबाइल वाजला.

"श्रीमती किटली का?"

"कोण बोलतंय?"

"निसर्गकेंद्रातून बोलतोय, बाई. विम्यासाठी नावं मागवली होती, तर तुमच्याकडून भोपळा, किटली, मुळा आणि मोठी कढई अशी आली आहेत. आम्ही माणसांचा विमा काढतो, स्वयंपाकघराचा नाही."

पेइलाननं नवऱ्याकडे पाहिलं. मोबाइलवरून अर्ज त्यानं भरला होता.

"डोंगरावरच जाणार होता ना तो अर्ज," गुओतुंग पुटपुटला. "म्हटलं, उगाच कशाला धोका?"

"गुणाचं गं माझं पोर," सासूबाई म्हणाल्या.

फोनवरचा माणूस घाईत होता. "खरी नावं आत्ता द्या, नाहीतर दुसरं कुटुंब वाट बघतंय. काय करू? रद्द करू?"

रद्द. पेइलानला एकदम हलकं वाटलं. उद्या दुपारनंतर पावसाचा अंदाज होता. रस्त्याला वळणं होती. लेक काल झोपेत खोकल्यासारखं काहीतरी करत होती. शिवाय या वेळी दोष तिच्याकडे येणारच नव्हता; अर्ज भोपळ्यानं भरला होता. ती फोन कानाला लावून नुसती उभी राहिली.

यूछ्याओ सकाळपासून नवे गमबूट घालून घरभर फिरत होती. आई गप्प झालेली तिनं पाहिली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून ती बूट काढायला लागली. रडली नाही, रुसली नाही. शाळेतून आल्यावर रोज काढते तसेच काढत होती.

"थांब!" पेइलान म्हणाली. फोनवरच्या माणसाला वाटलं, त्यालाच. "रद्द करू नका. घ्या लिहून."

"अगं किटले, मोठ्यानं नको!" सासूबाई ताडकन उठल्या. "तो माणूस बसलाय कुठे? डोंगरात!"

"आई, विम्याला खरं नाव लागतंच."

"मग मी बघते," असं म्हणत त्यांनी पातेल्याचं झाकण आणि डाव उचलला.

पेइलान म्हणाली, "लिन गुओतुंग," आणि झाकण वाजलं, ठण्ण! "लिन यूछ्याओ." ठण्ण ठण्ण! सासूबाईंच्या स्वतःच्या नावाला साधीच थाप पडली, पण "सू पेइलान" म्हटल्याबरोबर त्यांनी असा दणका दिला की कपाटावरची मांजर उडी मारून पळाली.

"बाई, तुमच्याकडे मिरवणूक चाललीय का?" फोनवरचा माणूस ओरडला. "एक अक्षर कळलं नाही!"

पेइलान धावत दुकानाबाहेर आली आणि फुटपाथवर उभी राहून तिनं चारही नावं पुन्हा ठणकावून सांगितली. समोरच्या केशकर्तनालयातून आबीनं गिऱ्हाइकाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवूनच मान बाहेर काढली.

"काय गं, या वर्षी खरंच चाललात?"

"खरंच! उद्याच!"

"लिहिलं," फोनवरचा माणूस म्हणाला. "उद्या भेटू." आणि त्यानं फोन ठेवला.

पेइलाननं आभाळाकडे पाहिलं; ढग होतेच. पण आता केंद्रानं लिहून घेतलं होतं, गल्लीनं ऐकलं होतं, आणि सासूबाईंचं खरं मानायचं तर डोंगरालाही कळलं होतं. माघार घ्यायची तर कुणाकुणाला कळवत बसणार?