बाबांचा फोन आणि डबल बेल

स्मार्टफोन नवे होते त्या वर्षांत माणसाचा दर्जा त्याच्या रिंगटोनवरून ठरत असे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांच्या खिशातून आधी शंख वाजायचा, मग संस्कृत श्लोक सुरू व्हायचा. श्लोक अर्ध्यात तोडू नये म्हणून ते तो संपेपर्यंत फोन उचलत नसत आणि पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून देई. गल्लीतल्या एका होतकरू पुढाऱ्याने तुतारी आणि चौघडा ठेवला होता. एवढ्या गजरानंतर बोलायची त्याची बायको, बहुतेक वेळा दुधाच्या पिशवीबद्दल.

माझ्या बाबांना यातलं काहीच नको होतं. त्यांना मुळात फोनच नको होता.

बाबांनी उभी हयात सरकारी लाल बस चालवली. आधी वणी, मग नांदगाव, शेवटची वर्षं नाशिक–सिन्नर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच चैन ठेवली होती: संध्याकाळी एकट्याने फिरायला जाणं. सिडकोतून निघायचं, पाथर्डी फाट्याचा चौक ओलांडून बागेत जायचं, बाकावर बसायचं आणि परत यायचं. एकदा साखर उतरून त्यांना बागेतच चक्कर आली. भाजी विकणाऱ्या एका बाईने उसाचा रस पाजला आणि रिक्षात घालून घरी पाठवलं. आईने दारातच निकाल दिला.

"उद्यापासून मी बरोबर येणार."

"गुडघे तुझे दुखत्यात आन् माझ्यासंगं फिरणार व्हय?"

"मग पोरीचा जुना फोन खिशात ठेवा. मी केला की उचलायचा. नाही उचलला, तर चपला घालून मी तयार आहे."

बाबा घाबरले. आईशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण आई चालताना सतत बोलते. बाबांची सगळी नोकरी 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली गेली होती.

माझा जुना स्मार्टफोन त्यांच्या खिशात गेला, पण तो वाजलेला त्यांना कळेचना. बासरी लावून पाहिली. पक्ष्यांचा किलबिलाट लावला, तो बागेतल्या पक्ष्यांत मिसळून गेला. शेवटी आईच्याच आवाजात "अहो, फोन उचला" असं रेकॉर्ड केलं, तर तो आवाज त्यांनी सगळ्यात सहज दुर्लक्षित केला. कान चांगले होते. पण पाठीमागे पन्नास माणसं भांडत, खोकत, ओकत असताना समोरच्या रस्त्यावर नजर ठेवणाऱ्याला ऐकू न येण्याची सवय लागते. पाठीमागून त्यांच्यापर्यंत पोचायची ती फक्त कंडक्टरची घंटी.

हे लक्षात आलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले. स्टँडवर गेले. बाबांच्या ओळखीच्या एका कंडक्टरने उभ्या गाडीत दोरी ओढून दिली. एक टोला रिंगटोनसाठी फारच त्रोटक वाटला, म्हणून मी म्हटलं, "काका, दोन द्या." घरी कॉम्प्युटरवर मागेपुढे कापलं, वायर लावून फोनच्या कार्डात टाकलं. त्या फोनला फोल्डरचं नाव इंग्रजीत आणि अगदी अचूक लागायचं, नाहीतर तो फाइल गाण्यांत टाकून मोकळा व्हायचा. ते सगळं मी नीट केलं. चूक झाली ती निराळीच.

संध्याकाळी आईने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आई चपलांकडे निघाली आणि थोड्या वेळात बाबाच दारात हजर. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन उचलत नव्हते, पण केला की घरी येत होते. हे वचन पाळणं की मोडणं, यावर आईचं मत ठरेना. तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेले.

बाबा बाकावर एका समवयस्क गृहस्थांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. खिशात टण् टण् झालं. वाक्य तिथेच टाकून बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि चालू लागले.

"अहो, फोन वाजतोय तुमचा!" ते गृहस्थ म्हणाले.

"हां, निघालो ना."

फाट्यावर पायी जाणाऱ्यांचा सिग्नल लाल होता. बाबा कडेला थांबले. तेवढ्यात घरून पुन्हा फोन आला. टण् टण्. बाबांनी सरळ रस्त्यावर पाय टाकला. मी मागून शर्ट धरून ओढलं आणि समोरून टोमॅटोचे क्रेट लादलेला टेम्पो गेला.

"बाबा!"

"बेल झाली की," ते म्हणाले. त्यांना माझाच राग आला होता.

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. लहानपणापासून मला हे ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मग एकच टोला ठेवू?"

"आन् रस्त्याच्या मधोमध वाजला तर? थांबू तिथंच?" बाबांनी गंभीरपणे विचारलं.

आईने चपला रॅकवरून काढून दाराशी ठेवल्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "नोकरीत असा कोणता आवाज होता, की तो ऐकून तुम्हाला उत्तर द्यावंच लागायचं?"

ते विचार करून म्हणाले, "कंट्रोलचं बोलावणं. गाडी बाजूला लावायची आन् जायचं. नाय म्हणायची सोय नाय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टँडवर जाऊन कर्ण्याखाली फोन धरून उभी राहिले. बराच वेळ नुसत्या गाड्या लागल्याच्याच घोषणा होत होत्या. मग एकदाचं आलं: "सिन्नर गाडीचे चालक, ताबडतोब नियंत्रण कक्षात या." पाठोपाठ एका विक्रेत्याचं "गार पाणीऽऽ बाटली" आलं. तेही मी राहू दिलं.

संध्याकाळी मी बाबांबरोबर फाट्यापर्यंत गेले आणि तिथून घरी मिस कॉल दिला. बाबा रस्ता ओलांडायच्या बेतात असताना आईचा फोन आला. कर्णा वाजला. बाबा दोन पावलं मागे सरले, फुटपाथच्या कडेला उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन कानाला लावला.

"बोला साहेब."

पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात आईला 'अगं' आणि 'ऐकलं का' यापलीकडे कोणी बढती दिली नव्हती.

"कुठे आहात?" ती म्हणाली. आवाज बदललेला होता.

"फाट्यावर, साहे... तू व्हय!"

"मीच. येताना कोथिंबीर आणा. आणि उशीर नको."

मी घरी पोचले तेव्हा चपला रॅकवर परत गेल्या होत्या. आई खुर्चीत बसली होती आणि फोन तिच्या समोर टेबलावर सरळ मांडलेला होता, कंट्रोल केबिनमध्ये मांडतात तसा.