आत्याने मांडीवर ठेवलेली पिल्लं

मंडळी, आज दुपारी आगाशीला आत्याकडे जाऊन आले. आल्याआल्या लिहायला बसलेय.

१९७८ साली आई गेली, तेव्हा मी दुसरीत होते. बाबांनी मला आत्याकडे ठेवलं. मी धड जेवायचे नाही, कुणाशी बोलायचेही नाही.

एका सकाळी आत्याने नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं माझ्या मांडीवर ठेवली. त्यांची कोंबडी मुंगसाने नेली होती. "आता यांची आय तूच. पानी पाज त्यांना," एवढं बोलून ती वाडीत कामाला गेली.

पिल्लं माझ्या फ्रॉकच्या घेरात झोपू लागली. मी उठले की मागे धावायची, दिसले नाही की घर डोक्यावर घ्यायची. त्यांना हाका मारता मारता मी बोलायला लागले. त्यांना कण्या घालताना स्वतःही जेवू लागले.

आज विचारलं, "आत्या, मला बरं वाटावं म्हणूनच दिलीस ना ती पिल्लं?"

"नाय गो," ती म्हणाली. "ती ओरडत होती, तू गप्प. मला दोन्ही बघवत नव्हतं. काय करावं कळंना, म्हनून एका जागी ठेवलं."

मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "आत्या, तुझ्यामुळेच सावरले गं मी." आभार मानायला इतकी वर्षं लावली मी.

तुमच्याकडून कुणाचे आभार मानायचे राहिलेत?