मास्तरांनी राखलेली झोप

टेलरमास्तरांच्या घरात सकाळी नऊ ते दुपारी चार टाचणी पडली तरी मास्तर तिच्याकडे रागाने बघत. आत बायको झोपलेली असे.

ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला होती. पांढऱ्या फटफटीत दिव्यापुढून बाटल्या सरकत जायच्या, तडा गेलेली दिसली की तिने उचलून बाजूला टाकायची. एकोणीस वर्षं हेच. मुलगी शाळेतून येईल तेव्हा आई घरात हवी, म्हणून तिने रात्र आपणहून मागून घेतली होती. मुलगी लग्न होऊन गेली, रात्र तेवढी मागे राहिली.

शेजारी तिला घुबडवहिनी म्हणत आणि ती हसून सोडून देई. मास्तरांना मात्र तिच्या झोपेची थट्टा खपायची नाही. ती आडवी झाली की यांचं मशीन बंद, हातशिलाई सुरू. दाराच्या बेलची वायर त्यांनीच तोडली. कुणी हाक मारली तर ओठांवर बोट ठेवून सांगत, "हिची आता मध्यरात्र चाललीय." बोलून प्रेम करणं त्यांना कधी जमलं नाही, पण झोप राखणं जमलं.

शरीराला काही ही मध्यरात्र पटली नाही. पहाटे तीनला डबा खाऊन खाऊन वजन वाढलं, चाळिशीतच रक्तात साखर आली. साधी सर्दी झाली तरी महिना महिना हलायची नाही. "माहेरपणाला आल्यासारखी बसते मेली," ती म्हणायची.

अशात एकदा दोन नर्सबाई घरोघरी बायकांची छाती तपासत आल्या. वेळ सकाळी अकराची. मास्तर दारातच आडवे आले. "मध्यरात्री कुणी माणसाला उठवतं का?" नर्सबाई हसल्या. दवाखान्यात नऊ ते बारा तपासणी असते, अशी चिठ्ठी देऊन गेल्या. सहा महिन्यांनी पुन्हा आल्या, तेव्हाही मास्तरांनी तेच ऐकवलं. तिला मात्र दोन्ही वेळा काही सांगितलं नाही. सांगितलं तर बया झोपमोड करून जाईल, ही त्यांना धास्ती.

पुढे दीड वर्षाने छातीतली गाठ तिच्याच हाताला लागली.

सगळ्या तपासण्या झाल्यावर ती बाहेर बाकावर बसली आणि डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं. "शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. साखर कधी पचवायची, पेशींची डागडुजी कधी करायची, रोगावर पहारा कधी द्यायचा, बरंचसं त्यावर चालतं. वर्षानुवर्षं रात्री उजेडात जागलं की ते बिघडतं. या कॅन्सरचा धोकाही वाढू शकतो. पण यांना त्यानेच झाला, असं कुणी सांगू शकणार नाही."

मास्तरांच्या डोक्यात घड्याळबिड्याळ काही शिरलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दीड वर्षापूर्वी कळलं असतं तर?"

"तेव्हा लहान असती बहुतेक. काढता आली असती. आता कॅन्सर हाडांत पोचलाय."

तिची नोकरी सुटली. आता रात्र झोपायला मोकळी होती, पण झोप येईना. एकोणीस वर्षांची सवय, रात्रभर ती टक्क जागी असायची आणि दिवस चढला की ग्लानी यायची. मास्तर शेजारी बसून राहत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत महिना गेला. शेवटी एका दुपारी त्यांनी मन घट्ट केलं. "अगं, तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. "आमच्या पाळीतल्या बायका रडायच्या, घरचे दिवसा झोपू देत नाहीत म्हणून. मी सगळ्यांना सांगायचे, माझा नवरा दारात बसतो, कुणाला आत सोडत नाही. सगळ्याजणी जळायच्या माझ्यावर." ती थोडं हसली. "हं, बोला. काय सांगत होतात?"

मास्तरांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"काही नाही," ते म्हणाले. "झोप तू."