जवसाचं तेल प्यालेली मशीन

सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या कापूस व्यापाऱ्याने मला पाहिल्याबरोबर विचारलं, "किती क्विंटल हाये?" मी म्हटलं, कापूस नाही आणला, मशीन बघायला आले. चामडं शिवायची. तेव्हा तो थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ माझ्या चपलांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाये ना. जर्मन हाये."

आपल्याकडे जुनी आणि जड असेल ती प्रत्येक वस्तू जर्मन असते. त्यावर मी वाद घातला नाही.

त्याच्या आजोबांची जिनिंग होती. तेव्हा कापसातली सरकी काढणारी सगळी यंत्रं एकाच इंजिनावर फिरायची, आणि इंजिनापासून यंत्रांपर्यंत चामड्याचे लांबलचक पट्टे जायचे. पट्टा तुटला की ही मशीन तो शिवायची. पुढे प्रत्येक यंत्राला आपापली मोटर आली, पट्टे रबराचे झाले, मग जिनिंगही बंद पडली. मशीन तेवढी गोदामात राहिली, कारण तिला बाहेर काढायला चार माणसं लागत आणि चार माणसं एका वेळी मोकळी सापडत नसत.

राहिली म्हणजे मानाने राहिली. दरवर्षी दसऱ्याला तिची पूजा व्हायची. हळद, कुंकू, झेंडूची माळ आणि वरून पळीभर तेल. कुंकवाचा थर असा बसला होता की कंपनीचं नाव तर सोडाच, मशीनचं तोंड कोणीकडे आणि पाठ कोणीकडे तेही कळेना.

"चालते का?" मी विचारलं.

"चालाले काय झालं तिले?"

"शेवटची कधी चालवली?"

"आता चालवली म्हणजे... आमी तेल टाकतो ना दरसाल."

भाव ठरला. किती, ते इथे लिहीत नाही. बाबांनी अजून विचारलेलं नाही आणि हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडायचं.

टेम्पोत चढवताना व्यापाऱ्याची म्हातारी आई बाहेर आली. मशीन विकली, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती रडली. पदर डोळ्यांना लावून खरंच रडली. मग आतून तेलाची बरणी घेऊन आली आणि जिथे तिला मशीनचं तोंड वाटलं तिथे आणखी एक पळी ओतली. मला म्हणाली, "उपाशी नको ठेवजो वो माय तिले." मी म्हटलं, नाही ठेवणार. मला तिची फार दया आली. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे त्या तेलाला मी ज्या शिव्या दिल्या त्या तिच्यासाठी नव्हत्या.

आता माझं सांगते. मी देवळीत राहते. वर्ध्याच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बिलं करायची नोकरी होती, ती गेली. नवराही त्याच सुमारास गेला. म्हणजे जिवंत आहे, अमरावतीत आहे, पण ती गोष्ट मशीनइतकी रंगत नाही. मी माहेरी आले, नागपुरात जाऊन चामड्याच्या पिशव्या शिवायला शिकले आणि आईच्या जुन्या शिलाई मशीनवर बाबांच्या नकळत सुरुवात केली. चामड्याचे दोन पदर घातले की सुई मोडायची. तीन घातले तर मशीनच पुढे सरकायची. चामड्याला त्याचीच मशीन लागते, म्हणून सिंदी.

टेम्पो दारात आला तेव्हा बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. बाबा तहसीलमधून बाबू म्हणून निवृत्त झाले. पेपर वाचतात तो टेंडरच्या जाहिरातींसकट. हमालांनी आरडाओरडा करत मशीन अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

"काय हाये हे?" बाबांनी विचारलं.

"मशीन."

"काह्याची?"

"चामडं शिवायची."

बाबा उठले. खुर्ची उचलली, शेडकडे पाठ येईल अशी फिरवली आणि परत बसले. आता त्यांच्यासमोर भिंत होती. भिंतीकडे पाहून म्हणाले, "तुह्या आज्यानं जे सोडलं, ते तू टेम्पोत भरून आणलं."

हे वाक्य आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे सांगते. आजोबा गावाचं मेलेलं ढोर ओढायचे. कोणाचंही ढोर मेलं की निरोप यायचा आणि ताटावर बसले असले तरी उठून जावं लागायचं. मग छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले, धम्म घेतला, आणि परत आल्यावर साऱ्या वस्तीनं ठरवलं की ढोर ओढणं बंद. बाबा तेव्हा लहान होते. ते शिकले, तहसीलला लागले. पण चामड्याशी त्यांनी आयुष्यभराचं वैर धरलं. पायात रबरी चप्पल, कमरेला कापडी पट्टा, पाकीट रेक्झिनचं.

मी म्हटलं, "बाबा, हे ते नाई. मी पिशव्या शिवीन."

"म्हशीचंच हाये ना?"

"हो."

"मंग?"

बाबा म्हणाले, "ज्या दिवशी थे चालू होईन, त्या दिवशी मी नागपूरले जाईन. तुह्या भावाकडे." भावाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट मूडवर चालते आणि बाबांचे गुडघे दुखतात. पण बाबा बोलले की बोलले. मला भीती वाटली. घरात आम्ही दोघंच. ते गेले तर मी काय त्या जर्मनशी बोलत बसणार होते? आणि मशीन चाललीच नाही तर मी कमवायचं काय? म्हणजे चालली तरी पंचाईत, न चालली तरी पंचाईत.

तूर्त ती चालत नव्हती. चाक तसूभर हलेना. बस स्टँडजवळच्या ट्रॅक्टर मिस्त्रीला बोलावलं. त्याने हाताने जोर लावला, मग पाय रोवून जोर लावला, मग घाम पुसत म्हणाला, "ताई, हे जाम नाई. हे एकच लोखंड हाये." त्याने हातोडा मागितला. मी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं.

मग मी एकटीच भिडले. डिझेल पाजलं. गंज काढायचे फवारे मारले. चाकूने खरवडलं. सांध्यासांध्यात तपकिरी, कडक, काचेसारखं काहीतरी बसलं होतं, ते डिझेलला दाद देत नव्हतं. रोज सकाळी मी शेडमध्ये जायची, मशीनला, तिच्या जर्मनीला आणि स्वतःच्या अकलेला शिव्या घालायची आणि जेवायला परत यायची. बाबा भिंत पाहत बसलेले असायचे. मला वाटतं ते मनातून खूश होते.

असं बरंच चाललं. एका सकाळी मी चाकू फेकून दिला आणि मोठ्याने म्हटलं, "मर मेले!" तेव्हा पाठमोरी खुर्ची बोलली.

"तेल कोणतं टाके थे लोकं?"

मी दचकलेच. म्हटलं, घरचंच, खायचं. मग खरवडलेला चुरा कागदावर घेतला आणि नेऊन बाबांच्या नाकापुढे धरला. त्यांनी मान न वळवता वास घेतला.

"जवस," बाबा म्हणाले. "जवसाचं तेल वाळते. डिझेलचा बाप आला तरी निंगत नाई. माही माय कढई धुण्याच्या सोड्यात उकळे, तवा निंगे."

मी सोडा शोधायला वळले.

"मी मशीनबद्दल नाई बोललो," बाबा म्हणाले. "कढईबद्दल बोललो."

माझ्याही लक्षात यायला हवं होतं. जवसाच्या तेलाची कढई आमच्याकडे कोणी घासली नाही? तेल आधी चिकट होतं, मग त्याचा कडक पापुद्रा बसतो. सुतार तेच तेल लाकडाला लावतात. त्या माउलीच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं पळी पळी ओतून मशीनला आतून कुलूप घातलं होतं. प्रेमानं घातलं होतं, हे कबूल. आणि त्या पापुद्र्याखाली गंजाचा एक ठिपका नव्हता, हेही कबूल करावं लागतं. गोदामात नुसतीच पडली असती तर भंगारात गेली असती.

अंगणात चूल मांडली. निघतील ते भाग काढून सोड्याच्या पाण्यात उकळले आणि धडाला सोड्याच्या गरम चिंध्या गुंडाळल्या. अंगणभर जवसाचा वास सुटला. शेजारणीने विचारलं, "चटणी करून राह्यली का वो?" मी हो म्हटलं. वरचं कुंकू सुटायला लागलं तेव्हा मात्र खरी पंचाईत झाली, कारण आमच्या दारापासून नालीतून लालभडक पाणी वाहू लागलं. चामड्याचं काम सुरू झालेल्या घरातून लाल पाणी म्हटल्यावर लोकांनी समजायचं ते समजलं. दोघे जण विचारायला आले. बाबांनी ओट्यावरूनच सांगितलं, "कुंकू हाये. दसऱ्याचं." त्यांना ते आणखीच संशयाचं वाटलं. दसऱ्याला आमच्या घरी कुंकू कुठलं? दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून नागपूरला जातो.

एका दुपारी चाक फिरलं. आधी थोडं, कुरकुरत, मग पूर्ण. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण साप निघाला म्हणून काठी घेऊन आली. मग रीतसर मशीनचं तेल दिलं, एक संथ चालणारी मोटर जोडली, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा ओवला आणि म्हशीच्या चामड्याचे चार पदर मशीनच्या पायाखाली सरकवले. ठक, ठक, ठक. सरळ, ठसठशीत टाका. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि तेव्हा मी बरीच आशेवर होते.

मग आठवलं. ओट्याकडे गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत होते. मशीनचा आवाज त्यांनी ऐकलाच असणार. अर्ध्या देवळीनं ऐकला होता.

मी म्हटलं, "नागपूरले कधी जाता?"

"ऊन हाये."

ऊन सरलं. मग म्हणाले, पाणी लागलं. पाणी थांबलं तेव्हा म्हणाले, पोळा होऊ दे. मी परत विचारलं नाही. पण खुर्चीही फिरली नाही. ते भिंत पाहत आणि मी शेडमध्ये त्यांची पाठ पाहत, असे आम्ही राहत होतो. जेवताना भाजीबद्दल बोलायचो. फार वाईट वाटायचं. पिशव्या तयार होत होत्या, खुंटीला लटकत होत्या आणि एकही विकली जात नव्हती.

पोळा तोंडावर आला आणि दारात एक मोटरसायकल थांबली. चाळिशीचा माणूस, हातात बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळेचा पट्टा. पट्ट्याची शिवण उसवली होती आणि घुंगरं लोंबत होती. "ताई, तुमच्याकडे मोठी मशीन हाये म्हणे. एवढं मारून द्या. मी उभाच राह्यतो." माझं पहिलं गिऱ्हाईक. मी हात पुढे केला.

"कोणत्या गावचे?" बाबांनी भिंतीला विचारलं.

त्याने गाव सांगितलं. आमचंच मूळ गाव, आजोबांचं.

"कोणाचे?"

त्याने आपल्या आजोबाचं नाव सांगितलं, घर सांगितलं. बाबा उठले. खुर्ची फिरवली, आमच्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "आज नाई होत."

"काका, पाच मिनिटाचं काम हाये."

"हो. पण आज नाई होत."

"पोळा हाये ना, काका."

"पोळा परवा हाये."

माणूस बिचारा चांगला होता. त्याने डोकं खाजवलं, माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे पाहिलं. "बरं मंग," तो म्हणाला, "ठेवून जातो. उद्या येऊ का?"

"उद्या या."

मोटरसायकल वळणाआड गेली आणि माझा भडका उडाला. "बाबा! पयलं गिऱ्हाईक होतं! मी अथी दिवसभर माशा मारून राह्यली आन् तुमी त्याले वापस पाठवता? तुमाले मशीन नाई पाह्यजे तं नका पाहू, माह्या पोटावर काऊन पाय देता?"

बाबांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाले, "त्याच्या आज्याचा निरोप येये तवा माहा बाप ताटावरून उठे. हात नाई धुवे."

मी पट्टा ओट्यावर ठेवला.

"दीक्षेनंतर बापानं त्यायले नाई म्हटलं. पण तवा सारी वस्ती संगं होती, म्हून म्हणता आलं. तरी गावानं दुकान बंद केलं, विहीर बंद केली, वावरातलं काम बंद केलं. मी लहान होतो, पण भूक मले ध्यानात हाये." त्यांनी पेपरची घडी घातली. "मले पाह्यचं होतं, घरच्या ओट्यावर बसून एकट्यानं नाई म्हटलं तं काय होते."

"मंग? काय झालं?"

"काईच नाई झालं," बाबा म्हणाले. "म्हणे, उद्या येऊ का."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. रडू येईल असं वाटलं, म्हणून पट्टा उचलला आणि शेडकडे निघाले. हातात काम असलं की बरं असतं.

"आता नको शिवू," बाबा मागून म्हणाले. "उद्या सांगतलं ना त्याले."