सशाचा आरसा

आमच्या घरात आता एकच आरसा आहे आणि तो सशाचा आहे.

आम्ही मूल गावचे. दोन ससे पाळले होते. त्यातली मादी मेली आणि मागे राहिलेल्या ढवळ्यानं खाणं सोडलं. कोथिंबीर दिली, धानाच्या बांधीवरचं कोवळं गवत आणलं. पठ्ठ्या ढुंकून बघेना! आता हाही जातो, म्हणून माझी बायको सुमन रडकुंडीला आली.

"अवो, त्याच्यासमोर आरसा ठेवा ना. त्याले वाटन, जोडीदार आला."

मी दाढीचा आरसा ठेवला. ढवळ्यानं त्यात आपलं अर्धं तोंड बघितलं आणि लाथेनं आरसा फोडला. (ससा शाकाहारी असतो, गरीब नसतो!) मग मी कपाटाचा माणूसभर आरसा काढला. सुमनच्या आंदणातला!

ढवळ्या थबकला. नाक फुरफुरवलं. आरशाच्या मागं जाऊन पाहून आला. कोणीच नाही! तरी काचेला अंग टेकून बसला आणि कोथिंबीर खाऊ लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

पण आरसा हलवला की स्वारीचा उपास सुरू. अशात सावली या गावी माझ्या भाचीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) आलं. दारात पाहुण्यांचं स्वागत करायचा मान मामाचा, म्हणजे माझा. सकाळी वस्तरा घेऊन आरशासमोर बसलो, तर ढवळ्यानं पाय आपटले आणि माझा अंगठा चावला.

"सरक ना बे! पोरीचा मामा हाये मी!"

"त्याले काऊन तरास देऊन राह्यले? जेवून राह्यला ना तो!" सुमन ओरडली. "हातानं चाचपून करा दाढी!"

चाचपून केली. मिशी डावीकडे जास्त लागली, थोडी काढली. मग उजवीकडे जास्त लागली. दोन्ही बाजूंना न्याय देता देता मिशीच संपली!

"काई नाई होत," सुमन पदरात तोंड खुपसून म्हणाली. "कोणी नाई वळखत तुमाले."

सावलीच्या हॉलवर "पाहुणे आले!" असा गलका झाला. मी लगबगीनं दाराकडे वळलो, तर समोर एक सफाचट गृहस्थ! मी हात जोडले. त्यांनीही जोडले. मी वाकलो, तेही वाकले. माणूस मोठा नम्र वाटला.

"या ना भाऊ, पयले तुमी!"

ते जागचे हलेनात. मीही हट्टाला पेटलो. "संकोच नका करू जी, चहा तयार हाये!"

मागून सुमननं बाही ओढली. "अवो, भिंतीवरचा आरसा हाये तो! पाहुणे तिकडे उभे हायेत!"

नवरदेवाचे वडील दारात काढलेली चप्पल हातातच धरून सगळं बघत होते.

साक्षगंध पार पडलं, ढवळ्याही गुटगुटीत झाला. सुमन मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ससा लय हुशार हाये आमचा. त्यानं मांगं जाऊन पाह्यलं तरी. यायनं चहाले बलावलं!"